गॅलनचे लिटर करण्याआधी: दीड हजार गॅलनच्या टाकीसंबंधी

आपला प्रश्न मला समजला तो असा. भोसरीत आपले स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांचे वर्कशॉप आहे. एका निर्यातदार व्यापाऱ्यामार्फत अमेरिकेतील ग्राहकाची चौकशी आली असून तिच्यात १५०० गॅलनची एक मिक्सिंग टाकी, ५ गॅलनचे डोसिंग पॉट, १६ औंसांच्या नमुना-बाटल्या आणि ४० जीपीएमचा (मिनिटाला ४० गॅलन देणारा) एक पंप अशी मागणी आहे. वडिलांच्या काळापासून भिंतीवर असलेल्या तक्त्यात एक गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर असे छापले आहे, मोबाइल मात्र ३.७८५ दाखवतो, यांपैकी कोणता आकडा धरून कोटेशन द्यावे, असे आपण विचारले आहे.

ग्राहक खरोखरच अमेरिकेतील असेल आणि मागणीचा कागद त्याच्याच कचेरीत तयार झाला असेल, तर ३.७८५ हा आकडा बरोबर आहे. एवढे सांगून थांबता आले असते; पण टाक्यांच्या डिझाइनमध्ये बरीच वर्षे काढल्यावर माझे असे मत झाले आहे की गुणक हा या प्रश्नाचा सर्वांत सोपा भाग असतो. हा गॅलन कोणत्या देशाचा, तो टाकीतल्या कोणत्या रेषेपर्यंत मोजलेला, आणि लिहिणाऱ्याला तो किती काटेकोर अपेक्षित आहे, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय केलेला गुणाकार कितीही अचूक असला तरी कामाचा नसतो. तिन्ही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या इथे बसून मी आपल्यासाठी ठरवू शकत नाही. त्या कशा ठरवायच्या हे मात्र सांगू शकतो.

आपल्या भिंतीवरचा तक्ता चुकीचा नाही. तो ब्रिटिश, म्हणजे इम्पीरियल गॅलनचा आहे. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती येण्यापूर्वी पेट्रोल गॅलनवर विकले जाई, ते याच गॅलनवर. ब्रिटनने १८२४ मध्ये आपले जुने निरनिराळे गॅलन मोडीत काढून दहा पौंड पाण्याच्या आकारमानाचा एकच गॅलन ठरवला, आणि तोच आज ४.५४६०९ लिटर असा निश्चित केलेला आहे. अमेरिका त्याआधीच वेगळी झालेली असल्याने तिच्याकडे अठराव्या शतकाच्या आरंभीचा, राणी अ‍ॅनच्या काळातला मद्याचा गॅलन टिकून राहिला. तो २३१ घन इंचांचा आहे. इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर हे १९५९ पासून ठरलेले असल्यामुळे एक घन इंच म्हणजे १६.३८७०६४ मिलिलिटर होतो, आणि २३१ ने गुणल्यावर ३.७८५४११७८४ लिटर हा आकडा येतो. हा आकडा कोणी मोजून काढलेला नाही, तो व्याख्येतून निघतो; म्हणून निरनिराळ्या तक्त्यांत तो कमी-जास्त दशांश स्थळांपर्यंत दिसला तरी त्यात मतभेदाला जागा नाही. आपल्या व्यवसायातल्या माणसाला आवडेल असा एक पडताळाही देतो: सात इंच व्यासाचे आणि सहा इंच उंचीचे सरळ भांडे घेतले आणि पाय २२/७ धरला, तर आकारमान बरोबर २३१ घन इंच भरते. अमेरिकी गॅलन केवढा, याचा अंदाज हवा असल्यास पत्र्याचा एवढा एक डबा करून टेबलावर ठेवावा.

इम्पीरियल गॅलन अमेरिकी गॅलनपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी मोठा आहे. आपल्या टाकीपुरते बोलायचे तर १५०० अमेरिकी गॅलन म्हणजे ५६७८ लिटर आणि १५०० इम्पीरियल गॅलन म्हणजे ६८१९ लिटर. आतला व्यास १८०० मिलिमीटर धरला तर हा ११४१ लिटरचा फरक शेलच्या, म्हणजे टाकीच्या उभ्या गोल भिंतीच्या, उंचीत जवळजवळ ४५० मिलिमीटर होतो, आणि ४ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात तो सुमारे ८० किलो स्टेनलेस स्टील होतो. कोटेशनमध्ये हा फरक लपत नाही. जो इम्पीरियल धरेल त्याचा भाव विनाकारण चढा दिसेल, आणि ग्राहकाला खरोखर इम्पीरियल हवा असताना जो अमेरिकी धरेल, त्याला ऑर्डर मिळेल पण टाकी परत येईल.

मग व्यापाऱ्याला विचारण्याआधी कागदच वाचून पाहावा. एका आकड्यावर कधीही विसंबू नये. त्याच कागदात त्याच गोष्टीबद्दलचा दुसरा आकडा शोधावा. पायाच्या माहितीत भरलेल्या टाकीतील पाण्याचे वजन सुमारे १२,५०० पौंड लिहिले असेल तर गॅलन अमेरिकी आहे, कारण अमेरिकी गॅलनभर पाणी सुमारे ८.३४ पौंड भरते. १५,००० पौंड लिहिले असेल तर तो दहा पौंडांचा इम्पीरियल गॅलन आहे. मापे दिली असतील तर काम आणखी सोपे होते. समजा, ७२ इंच व्यास आणि ८५ इंच सरळ उंची लिहिली आहे. त्याचे घन इंच काढून २३१ ने भागले की १४९८ येतात, म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात अमेरिकी गॅलन होता. क्षमता घनफुटांत दिली असेल तर एका घनफुटात ७.४८ अमेरिकी गॅलन किंवा २८.३२ लिटर बसतात, एवढे लक्षात ठेवावे. घनफूट तसा पुणेकरांच्या अंगवळणी पडलेला आहे: खडकवासला धरणसाखळीचा साठा आपण टीएमसीत (अब्ज घनफुटांत) वाचतो, मुठेतला विसर्ग क्युसेकमध्ये ऐकतो आणि सोसायटीत टँकर आला की लिटर मोजतो. एका क्युसेकने सेकंदाला २८.३२ लिटर पाणी जाते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या पडताळ्यासाठी तक्ता लागत नाही.

व्यापारी मधे असल्यामुळे आणखी एक सावधगिरी सुचवतो. मागणी दुबईमार्गे आली असेल तर गॅलन कोणता हे गृहीत धरू नये, कारण संयुक्त अरब अमिरातीत पाणीपुरवठ्याचे मोठे आकडे आजही इम्पीरियल गॅलनांत बोलले जातात. कॅनडातील जुन्या कारखान्यांच्या कागदांतही इम्पीरियल गॅलन भेटतो. मूळ ग्राहक अमेरिकेतला असला तरी मधल्या कोणी आकडा ‘सोयीसाठी’ बदलून लिहिलेला असू शकतो, म्हणून मूळ कागदाची प्रत मागावी. व्यापाऱ्याने टाइप केलेल्या सारांशावर टाकी बनवू नये.

आता दुसरी बाब, आणि माझ्या मते वाद सर्वाधिक याच बाबतीत होतात. १५०० गॅलन कुठपर्यंत? काठोकाठ भरल्यावर, ओव्हरफ्लो नोझलपर्यंत, की रोजच्या कामात जेवढे द्रव भरायचे तेवढे? मिक्सिंग टाकीत अ‍ॅजिटेटर (ढवळणारे पाते) फिरताना द्रवाची पातळी कडेला चढते आणि फेसही येतो, म्हणून वर मोकळी जागा ठेवावी लागते. ती किती, हे द्रवावर अवलंबून आहे. पातळ, न फेसाळणाऱ्या द्रवाला १० टक्के पुरतील, फेसाळणाऱ्याला २५ टक्केही कमी पडतील. १५०० हे वर्किंग व्हॉल्यूम, म्हणजे रोजच्या कामात भरायचे आकारमान, असेल आणि वर १५ टक्के जागा ठेवायची असेल, तर एकूण टाकी १७२५ गॅलनची, म्हणजे सुमारे ६५३० लिटरची होते. हा आकडा इम्पीरियल धरून आलेल्या ६८१९ लिटरांच्या बराच जवळ आहे, हे ध्यानात घ्यावे. त्यामुळे कुठे जुनी टाकी ‘१५०० गॅलनची’ म्हणून दाखवली जात असेल आणि तिचे माप घेऊन कोणी गॅलन ओळखू पाहत असेल, तर त्याची सहज फसगत होऊ शकते.

तळाचाही हिशोब करावा लागतो. २:१ एलिप्सॉइडल डिश एंडमध्ये, म्हणजे बशीसारख्या लंबवर्तुळी तळात, पाय गुणिले व्यासाचा घन भागिले २४ एवढे आकारमान असते. १८०० व्यासाला ते ७६३ लिटर, म्हणजे जवळजवळ २०२ अमेरिकी गॅलन भरते. हे धरले तर टॅन्जंट लाइनच्या (तळाची गोलाई संपून सरळ शेल सुरू होतो त्या रेषेच्या) वर १५०० गॅलनच्या खुणेपर्यंत सुमारे १९३१ मिलिमीटर शेल लागतो. तळ सपाट धरला तर २२३१ लागतो. टाकीच्या आत कॉइल, बॅफल किंवा जाड शाफ्ट असतील तर त्यांनी व्यापलेली जागा वजा होते, आणि ती वजा करून १५०० हवेत की न करता, हेही ग्राहकालाच विचारावे लागते. अमेरिकी ग्राहक या प्रश्नांनी वैतागत नाहीत, असा माझा अनुभव आहे. उलट, ज्याने हे विचारले नाही त्याच्याबद्दल त्यांना शंका येते.

तिसरी बाब अचूकतेची. आपण लिहिले आहे की मोबाइलवर नऊ दशांश स्थळे येतात आणि त्यांतली किती घ्यावीत हे कळत नाही. त्यासाठी आपल्याच वर्कशॉपकडे पाहावे. ३.७८५ धरले काय आणि ३.७८५४११७८४ धरले काय, १५०० गॅलनांत फरक पडतो जेमतेम ६०० मिलिलिटरचा. उलट रोलिंग आणि वेल्डिंग झाल्यावर आतला व्यास १८०० ऐवजी १८०५ भरला, तर आकारमान अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक वाढते, म्हणजे सुमारे ३२ लिटर. पाच मिलिमीटर व्यास म्हणजे परिघात १५–१६ मिलिमीटर, आणि पत्रा कापताना व सांधा जुळवताना एवढा फरक पडू शकतो हे मी आपल्याला सांगायला नको. म्हणून टाकीच्या ड्रॉइंगवर ५६७८.११८ लिटर लिहिण्यात अर्थ नाही. असा आकडा लिहिला की तपासणीला येणारा माणूस तो खरा मानतो आणि मग त्याच्याशी लिटरलिटरवरून भांडत बसावे लागते. मूळ आकडा १५०० असा गोल आहे. त्याला ५६७८, किंवा ग्राहकाची हरकत नसल्यास ५७०० हेच योग्य उत्तर आहे.

तोंडी हिशोबासाठी मी गॅलनाला चारने गुणतो आणि आलेल्या आकड्यातून पाच टक्के कमी करतो. १५०० चे ६०००, त्यातून ३०० गेले, राहिले ५७००. चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत. बैठकीत, फोनवर किंवा दुसऱ्याचा हिशोब पारखताना हे पुरते. पावणेचार धरण्याची काही जणांना सवय असते. त्यात १५०० गॅलनांना ५३ लिटर कमी पडतात, म्हणजे चूक दुपटीहून जास्त होते आणि गुणाकारही सोपा होत नाही. मात्र ड्रॉइंगमध्ये जाणारा आकडा नेहमी पूर्ण गुणकाने काढावा आणि अगदी शेवटी एकदाच पूर्णांकात आणावा. गॅलनचे लिटर, त्या लिटरांचे गोल लिटर, त्यांचे पुन्हा गॅलन असे फेरे घातले की १५०० चे १५०६ होतात आणि मग तो ‘१५०६’ कुठून आला हे कोणालाच सांगता येत नाही.

लांबीच्या मापात अशी सूट कधीही घेऊ नये. एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर असे ढोबळपणे धरणारे कारागीर अजून आहेत. पाइपचा आधार कुठे लावायचा यात ते चालते. पण टाकीची तिन्ही मापे तशी धरली तर लांबीतली दीड टक्क्यांची चूक आकारमानात साडेचार टक्क्यांहून पुढे जाते.

टाकी झाल्यावर पाणी भरून क्षमता दाखवावी लागेल, तेव्हा तापमान नोंदवावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो हे व्यवहारात ठीक आहे, पण एप्रिलमध्ये भोसरीतल्या पत्र्याच्या शेडखाली पाणी ३० अंशांवर असते आणि तेव्हा लिटरभर पाणी ९९५.७ ग्रॅमच भरते. वजनकाट्यावर किंवा लोडसेलवर ५६७८ किलो दिसेपर्यंत पाणी भरले, तर टाकीत २५ लिटर जास्त गेलेले असतील आणि पातळी खुणेच्या दहा मिलिमीटर वर दिसेल. एवढ्यावरून टाकी लहान झाली असा समज होतो. ती लहान झालेली नसते. मापाने भरायचे असेल तर वैधमापन विभागाचा शिक्का असलेले माप वापरावे, आणि फ्लोमीटरने भरायचे असेल तर त्याचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र फाइलला लावावे.

साइट ग्लासवर (पातळी दाखवणाऱ्या काचनळीवर) गॅलनच्या खुणा मागितल्या असतील तर आणखी एक गोष्ट सांभाळावी. १८०० व्यासाच्या शेलमध्ये १०० अमेरिकी गॅलन म्हणजे १४८.८ मिलिमीटर उंची. खुणा मारणारा माणूस हा आकडा १५० करतो आणि एका खुणेवरून पुढची मोजत जातो. २०० ची खूण टॅन्जंट लाइनच्या जवळच येते. तिथून १५०० पर्यंत पोहोचता पोहोचता खूण सुमारे १६ मिलिमीटर वर सरकते, म्हणजे जवळजवळ ११ गॅलनांची तफावत पडते. प्रत्येक खुणेची उंची एकाच आधाररेषेपासून स्वतंत्र काढून तक्ता करून द्यावा, आणि टाकीत पाणी भरत असतानाच दोन-तीन खुणा प्रत्यक्ष पडताळून घ्याव्यात.

छोट्या मापांत गोंधळ वेगळ्या तऱ्हेचा आहे. अमेरिकी गॅलनाचे चार क्वार्ट, क्वार्टाचे दोन पिंट आणि पिंटाचे दोन कप होतात; आपल्या जुन्या पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी आणि मापट्याची दोन चिपटी होत, तशीच ही रचना आहे, आणि शेर जसा गावागावांत कमी-जास्त भरे तसाच पिंटही देशादेशांत वेगळा भरतो. अमेरिकी पिंट १६ द्रव औंसांचा म्हणजे ४७३ मिलिलिटरचा असतो, तर ब्रिटिश पिंट २० द्रव औंसांचा म्हणजे ५६८ मिलिलिटरचा. पण गंमत अशी की अमेरिकी गॅलन लहान असूनही अमेरिकी द्रव औंस मोठा आहे: तो २९.५७ मिलिलिटर, ब्रिटिश २८.४१. कारण गॅलनाचे औंस त्यांच्याकडे १२८ होतात आणि ब्रिटिश हिशोबात १६०. त्यामुळे ‘अमेरिकी म्हणजे सुमारे सतरा टक्के कमी’ हा नियम गॅलन, क्वार्ट आणि पिंट यांच्यापुरताच आहे. औंसावर तो लावला तर उत्तर उलट्या दिशेने चुकते.

आपल्या चौकशीत नुसते ‘१६ औंस’ लिहिले आहे. तो द्रव औंस असेल तर बाटली ४७३ मिलिलिटरची हवी, आणि वजनाचा औंस असेल तर ४५४ ग्रॅम माल मावेल एवढी हवी. पाण्यासारख्या द्रवात हा फरक चार टक्क्यांचाच आहे, पण मधासारखा माल असेल तर त्याची घनता पाण्याच्या १.४ पट असल्याने ४७३ मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ६६० ग्रॅम माल बसतो. म्हणजे दोन अर्थांत जवळजवळ निम्म्या वजनाचा फरक पडतो. नमुना-बाटल्यांच्या बाबतीत बहुधा द्रव औंसच अभिप्रेत असतो, तरीही विचारावे. ५ गॅलनच्या डोसिंग पॉटला १८.९ लिटर धरावेत. डोस मोजण्यासाठीच तो असल्याने इथे १९ करू नये. धान्याचे हॉपर कधी मागितले तर बुशेल भेटेल. अमेरिकी बुशेल ३५.२४ लिटरचा असतो आणि त्याचा या द्रव गॅलनाशी संबंध नाही. आणि आपण २०० लिटरच्या ड्रमला बॅरल म्हणतो, तसे पत्रात लिहू नये: अमेरिकी ड्रम ५५ गॅलनचा, म्हणजे २०८ लिटरचा असतो, आणि बॅरल म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे खनिज तेलाचे ४२ गॅलनचे, १५९ लिटरचे माप येते.

आतापर्यंतचे एका वाक्यात मांडायचे तर, गॅलन अमेरिकी असल्याची कागदातल्याच दुसऱ्या आकड्याने खात्री करावी, क्षमता कोणत्या रेषेपर्यंतची ते ठरवावे, आणि मग ३.७८५४ ने एकदाच गुणून पूर्ण लिटरात लिहावे. पंपाचे मात्र याने भागत नाही.

४० जीपीएम म्हणजे मिनिटाला ४० अमेरिकी गॅलन. त्याचे १५१ लिटर प्रतिमिनिट किंवा ९.१ घनमीटर प्रतितास होतात. आपले पंपवाले घनमीटर प्रतितासावर बोलतात, म्हणून ०.२२७ हा गुणक पाठ असू द्यावा. अडचण अशी की अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे आणि आपल्याकडे ५० हर्ट्झची. दोन पोलची मोटर इथे मिनिटाला सुमारे २९०० फेरे घेते, तिथे सुमारे ३५०० घेईल. आणि सेंट्रिफ्यूगल पंपाचा प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात, हेड (पंप द्रव किती उंच चढवू शकतो ते) फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ६० भागिले ५० म्हणजे १.२, आणि इम्पीरियल गॅलन भागिले अमेरिकी गॅलन हेही जवळजवळ १.२. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन गुणक योगायोगाने सारखे आहेत, आणि त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या नावावर खपते.

समजा, आपण इथल्या कॅटलॉगमधून ५० हर्ट्झवर ९.१ घनमीटर देणारा पंप निवडून पाठवला. तिथे तो जवळजवळ १०.९ देईल. १०.९ घनमीटर प्रतितास म्हणजेच ४० इम्पीरियल गॅलन प्रतिमिनिट. ग्राहक तक्रार करील की आपण ब्रिटिश गॅलन धरला. आपण हिशोब तपासाल तर तो बिनचूक निघेल, आणि दोष फ्रीक्वेन्सीचा आहे हे कोणाच्याच लक्षात येणार नाही. उलट प्रकारही होतो. ६० हर्ट्झसाठी बरोबर निवडलेला पंप आपल्या टेस्ट बेंचवर ५० हर्ट्झने चालवला, तर ४० ऐवजी सुमारे ३३ जीपीएम दिसतात. ४० अमेरिकी गॅलनांचे इम्पीरियल गॅलनही नेमके ३३.३ होतात. बेंचवरचा माणूस म्हणतो, ‘गॅलनचा फरक आहे’, आणि चांगल्या पंपाला मोठा इम्पेलर (आतले पात्यांचे चाक) बसवतो. दोन्ही चुका एकत्र आल्या, म्हणजे इम्पीरियल धरून मोठा पंप निवडला आणि तो ६० हर्ट्झवर चालला, तर प्रवाह मागणीच्या १.४४ पट होतो. आणि निव्वळ फ्रीक्वेन्सीमुळेच शक्तीची गरज १.७ पटीच्या वर गेल्याने मोटर ओव्हरलोड होऊन ट्रिप होते. म्हणून पंप उत्पादकाकडे ६० हर्ट्झचा कर्व्ह (प्रवाह आणि हेड यांचा आलेख) मागावा आणि त्यावर ९.१ घनमीटर प्रतितास व ग्राहकाने सांगितलेले हेड असा ड्यूटी पॉइंट ठरवावा. इथे चाचणी घ्यायची असल्यास मोटरची क्षमता पाहून व्हीएफडीने (फ्रीक्वेन्सी बदलणाऱ्या ड्राइव्हने) ६० हर्ट्झवर चालवावा. नाहीतर ५० हर्ट्झवरचे आकडे घेऊन वरच्या नियमांनी ते ६० वर नेलेले दाखवावेत, आणि अहवालात फ्रीक्वेन्सी व फेरे दोन्ही लिहावेत.

कागदांच्या बाबतीत माझी पद्धत अशी आहे की ड्रॉइंगवर आणि नेमप्लेटवर नुसते ‘गॅलन’ कधीही लिहायचे नाही. ‘यूएस गॅलन’ असे पूर्ण लिहायचे, शेजारी लिटर द्यायचे, आणि दोघांत तफावत आढळल्यास कोणता आकडा ग्राह्य, तेही एका ओळीत नोंदवायचे. वर्कशॉपमध्ये जाणाऱ्या प्रतीवर मात्र मिलिमीटर आणि लिटरच ठेवावेत. वेल्डरच्या हाती दोन पद्धतींचे आकडे देऊन काही फायदा होत नाही. भिंतीवरचा तक्ता काढण्याची गरज नाही; त्याच्या गॅलनपुढे जाड पेनने ‘ब्रिटिश’ असे लिहून ठेवावे.

व्यापाऱ्याला आजच पत्र पाठवावे: १५०० गॅलन हे यूएस गॅलन म्हणजे ५६७८ लिटर आहेत ना, ते वर्किंग व्हॉल्यूम आहे की एकूण, बाटल्यांचे १६ औंस द्रव औंस आहेत का, आणि पंपाला ६० हर्ट्झचा पुरवठा कोणत्या व्होल्टेजचा मिळेल. उत्तर यायला वेळ लागला तरी कोटेशन अडवून ठेवण्याचे कारण नाही. ५६७८ लिटर वर्किंग आणि १५ टक्के मोकळी जागा असे गृहीत धरून भाव काढावा, ते गृहीतक भावाच्या लगेच खाली लिहावे, आणि पत्र्याची ऑर्डर मात्र लेखी उत्तर हाती आल्यावरच द्यावी.